पहिली बशी

आमच्या अम्मांना, म्हणजे माझ्या सासूबाई सरदारबींना, उभ्या आयुष्यात कुणाचा हेवा वाटला असेल तर तो एकाच बाईचा. हजला जाऊन आलेल्या नणंदेचा नाही, तीन मजली घर बांधणाऱ्या धाकट्या भावाचा नाही. चाळीत भिंतीला भिंत लावून राहिलेल्या नागूबाईचा. नागूबाईच्या भाकरीला पापुद्रा सुटतो इथपासून ते नागूबाईचं तोंड फोटोत बरं येतं इथपर्यंत सगळं अम्मांच्या डोळ्यांत खुपतं. आणि तीच नागूबाई महिनाभर दिसली नाही तर, "बगून ये गं गुलनाज, मेली का जित्ती हाय," म्हणून मलाच पिटाळतात.

घरात आम्ही दखनी बोलतो. अम्मांचे लाड दखनीत, दुवा दखनीत, मला बोलणी बसतात तीही दखनीतच. पण नागूबाईचा विषय निघाला की त्या एकदम चाळीतल्या मराठीत शिरतात. शाकीर, माझा नवरा, बाहेरून रिक्षा लावून येतो आणि आईला मराठी बोलताना ऐकलं की चपला काढता काढताच विचारतो, "आज काय केलं नागूमावशीनं?"

मागच्या वर्षी तर नागूमावशीनं कहरच केला. ती संग्रहालय झाली.

झालं असं की जुन्या मिलची चाळ पाडायला काढली. मिल बंद पडून जमाना झाला, माणसं केव्हाच पांगली होती. आम्हीही नई जिंदगी वस्तीत राहायला आलो होतो. पण एका संस्थेनं मधे पडून चाळीची एक रांग तेवढी वाचवली आणि तिथे मिल कामगाराचं घर पुन्हा उभं केलं. काचेच्या कपाटात वस्तू ठेवून खाली चिठ्ठ्या डकवायच्या, तसलं संग्रहालय नव्हे. तिथे आत शिरायचं आणि मिल चालू असतानाच्या काळात जाऊन बसायचं. भोंगा वाजतो, चूल पेटते, पाटावर बसवून भाकरी वाढतात आणि घरची बाई तुमच्याशी गप्पा मारते. ही घरची बाई म्हणजे कुणी नटी नाही. खुद्द नागूबाई. दर रविवारी तिचा मुलगा नवनाथ तिला स्कूटरवर आणून तिच्याच जुन्या खोलीत बसवतो. पेपरात तिचा फोटो आला, नऊवारीतला, चुलीपुढे बसलेला. पेपर आमच्याकडे येत नाही, पण त्या दिवशी शेजारच्या घरातून तो आमच्याकडे आला आणि अम्मांनी तो बराच वेळ उलटा धरून पाहिला. त्यांना वाचता येत नाही, पण फोटो उलटा आहे हे तर कळतंच. बहुधा उलटा तरी वाईट दिसतो का, ते बघत असाव्यात.

त्याचं एवढं काही नाही. खरं पोटात दुखलं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्या रांगेतल्या दोन खोल्या संस्थेला मिळाल्या होत्या, शेजारशेजारच्या. एक नागूबाईची, एक आमच्या अम्मांची. नागूबाईच्या खोलीचं घर झालं. अम्मांच्या खोलीत तिकिटांचं टेबल मांडलं आणि चपला ठेवायच्या मांडण्या केल्या.

"माज्या खोलीत पायतानं!" अम्मा म्हणायच्या. "जितं मी शाकीरला जलम दिला, तितं जग पायतानं ठिवतंय. आन तिच्या खोलीत पावनं!"

मी एकदा समजावायला गेले की अम्मा, त्या लोकांनी जुन्या वस्तू पाहिल्या असतील. नागूमावशीनं काहीच टाकलं नव्हतं, पाटा, जातं, पितळी डबे, सगळं तिच्याकडे होतं. तुम्ही तर नव्या घरात येताना सगळं मोडीत देऊन स्टीलचे डबे घेतलेत. हे ऐकून अम्मा दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. खरं बोलल्यावर माणूस जितका चिडतो तितका खोट्यावर चिडत नाही, एवढं मला सून झाल्यापासून कळलेलं आहे.

अम्मा मूळच्या वळसंग गावच्या. लग्न होऊन चाळीत आल्या तेव्हा त्यांना मिलच्या भोंग्याची इतकी भीती वाटली होती म्हणे, की पहिल्याच पहाटे त्या कांबळं डोक्यावर घेऊन मोरीत जाऊन बसल्या. त्यांना तिथून बाहेर काढलं ते नागूबाईनं. तीही नवीच नवरी, पण चार महिने आधी आलेली, म्हणून जन्मभर थोरलेपण मिरवत राहिली. दोघींचे नवरे एकाच सूतखात्यात, पण पाळ्या उलट्या. माझे सासरे बडेसाब रातपाळीला असले की नागूबाईचे त्रिंबकराव दिवसपाळीला.

दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत दोन्हीकडून कोनाडे होते, पाठीला पाठ लावून. त्यांच्या मधली वीट एका पावसाळ्यात निसटून पडली आणि ती कुणीच परत बसवली नाही. मग इकडच्या कोनाड्यात ठेवलेली वस्तू तिकडून उचलता यायची. विस्तव, विरजण, कांदा, बाळंतिणीचा शेक, सगळं त्या वाटेनं गेलं. ईदेची शिरखुर्म्याची वाटी तिकडे जायची, ती येताना कधी पुरण घेऊन यायची, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. रिकामी वाटी परत करायची नाही, हा त्या कोनाड्याचा कायदा. फक्त मधूनच कधी नागूबाई तिकडच्या बाजूनं चिंधीचा बोळा कोंबून ठेवायची. अम्मांच्या मते तिला सुकटीचा वास सहन व्हायचा नाही. "लई नाजूक नाक बाईचं," असं त्या आजही म्हणतात.

माझे सासरे मी पाहिले नाहीत. मी घरात आले तेव्हा ते जाऊन वर्ष झालं होतं. पण मला ते तोंडपाठ आहेत. अम्मा त्यांच्याबद्दल सांगायला बसल्या की शब्दसुद्धा बदलत नाहीत. पहाटे रातपाळी सुटली की बडेसाब डोक्यात रुईचे, म्हणजे कापसाचे, पुंजके घेऊन यायचे. सूतखात्यात हवेत रुई उडायची, ती केसात, भुवयांत, कानांत बसायची. ते उंबऱ्यात बसायचे आणि अम्मा फणीनं त्यांच्या डोक्यातली रुई काढायच्या. मग अम्मा भाकरीला बसल्या की ते स्वतः उठून चहा ठेवायचे. अम्मांचे हात पिठात, म्हणून बशीत चहा ओतून, फुंकर घालून, त्यांच्या तोंडाशी धरायचे आणि म्हणायचे, "पैली बशी घरवाली की." दुसरी बशी स्वतःची.

ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की शाकीरनं मला चहा दिला नाही तर मलाच सासऱ्यांची आठवण येते.

तर संग्रहालय सुरू झाल्यावर नागूमावशीची दोन निमंत्रणं आली. अम्मा गेल्या नाहीत. एकदा गुडघा दुखत होता, एकदा उन्हं फार होती. तिसऱ्यांदा नवनाथ स्वतः घरी आला. नवनाथ एसटीत कंडक्टर, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. अम्मांच्या पाया पडून म्हणाला, "खाला, या की एकदा. आई लई वाट बगती." तो लहानपणापासून अम्मांना खाला, म्हणजे मावशीच म्हणतो. आता नाही कसं म्हणणार?

रविवारी शाकीरनं रिक्षा काढली. अम्मांनी ईदेची साडी नेसली, कानात सोन्याच्या बाळ्या घातल्या. वाटेत एकच वाक्य बोलल्या. "त्या खोलीत माजं नाव कुटं हाय का, तेवढं बगायचंय."

पहिला घाव चपलांनीच बसला. ऋतुजा नावाची मुलगी तिकिटांच्या टेबलाशी बसली होती. तिथे आलेल्यांना घर दाखवायचं काम तिचं. मुलगी गोड होती, आर्किटेक्टचं शिकून आलेली. तिनं अम्मांना नमस्कार केला आणि म्हणाली, "आजी, चपला इथे ठेवा हं." अम्मांनी स्वतःच्या खोलीत स्वतःच्या चपला काढल्या आणि मांडणीवर न ठेवता हातात घेऊन उभ्या राहिल्या. शेवटी शाकीरनं त्या हळूच काढून घेतल्या.

मग आम्ही दहाबारा जण शेजारच्या खोलीत शिरलो. दार लागलं. आत अंधार, चुलीचा धूर, रॉकेलचा वास. आणि एकाएकी भोंगा वाजला. कुठे तरी लपवलेल्या स्पीकरमधून येत होता, हे मला माहीत होतं, तरी मी दचकलेच. पाठोपाठ फरशीखालून मिलची धडधड सुरू झाली, मांडणीवरची भांडी बारीक किणकिणू लागली. पुण्याहून आलेली एक बाई "वॉव" म्हणाली. अम्मांनी माझा दंड धरला आणि दखनीत पुटपुटल्या, "उतर तवा, उनो आते अब." तवा उतर, हे येतील आता. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

दिवा लागला. चुलीपुढे नागूमावशी. कपाळाला ठसठशीत कुंकू, चेहरा खरोखरच फोटोत येतो तसा. तिनं अम्मांना पाहिलं, क्षणभर तिचा हात परातीत थांबला, मग ती पाहुण्यांकडे वळून बोलू लागली. बोलण्याची तिला चांगलीच सवय झाली होती. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं बसलेलं.

"बसा. हितं पाटावर बसा. आमचे मालक आता येतील बगा. रातपाळी करून यायचे. डोक्यात ही एवढी रुई. उंबऱ्यात बसायचे आन मी फणी घेऊन एकेक पुंजका काढायची..."

अम्मा मान डोलवत होत्या. गोष्ट इतकी ओळखीची होती की ती कोण सांगतंय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. माझी मात्र कानशिलं तापली.

"मग मालक सोता चहा ठिवायचे. माजे हात पिठात की. तर बशी माज्या तोंडाला लावायचे आन म्हणायचे, पहिली बशी घरधनिणीची."

समोर बसलेल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. मीही शाकीरकडे पाहिलं. शाकीर आईकडे बघत होता. अम्मांची मान डोलायची थांबली होती.

ऋतुजानं कोनाड्यातून एक छोटीशी उशी काढून सगळ्यांसमोर फिरवली. तान्ह्या मुलाच्या डोक्याखाली ठेवतात तेवढी. "आजींनी आजोबांच्या केसांतली रुई साठवून ही उशी केली, मुलासाठी," ती म्हणाली. "आपल्या घरातली ही सगळ्यात लाडकी वस्तू."

उशीचा अभ्रा हिरव्या चौकड्यांचा होता. लुंगीचं कापड. असल्या लुंग्या चाळीत कोण नेसत होतं हे मला न बघताही सांगता आलं असतं. उशी अम्मांपर्यंत आली. त्यांनी ती हातात घेतली नाही. एका बोटानं तिची शिवण चाचपली आणि त्या उठल्या. गुडघा दुखतो म्हणणारी बाई कुणाचाही हात न धरता उठली आणि दार ढकलून बाहेर गेली.

मी मागोमाग गेले. अम्मा आपल्या जुन्या खोलीत चपलांच्या मांडणीशी उभ्या होत्या आणि मांडणी ओढत होत्या. मी हात लावला तेव्हा ती सरकली. मागे कोनाडा होता. त्याची पाठ बंद केली होती. छान, गुळगुळीत, चुन्याचं लिंपण करून. दुरुस्ती करणाऱ्यांना ती पडझड वाटली असणार. भिंतीत भोक पडलंय, बुजवा.

"बुजिवलं," अम्मा म्हणाल्या. "माल तिकडं नेला आन वाट बुजिवली."

दारात नागूमावशी आली. आत ऋतुजा पाहुण्यांना भाकरी वाढत होती, त्याचा आवाज येत होता. मावशीनं पदरानं तोंड पुसलं. दोघी म्हाताऱ्या त्या चपलांच्या खोलीत समोरासमोर उभ्या राहिल्या.

"नागू," अम्मा म्हणाल्या, "माजी खोली न्हेली, मी गप बसले. फोटो आला, गप बसले. माजा नवरा पन न्हेलास व्हय गं?"

नागूमावशीनं नजर चपलांकडे वळवली.

"ती उशी मी दिल्ती. नवनाथच्या बारशाला. ह्यांच्या लुंगीची. आन आत ह्यांच्या डोक्यातली रुई हाय, माज्या हातानं काडलेली. तुज्या त्रिंबकच्या डोक्याला तू कदी हात तरी लावलास का?"

"न्हाय लावला," नागूमावशी म्हणाली. "लावूच दिला न्हाय त्यानी."

तिचा तो मघाचा बसवलेला आवाज गेला होता. ती मांडणीच्या कडेला टेकून बसली, लोकांच्या चपलांच्या शेजारी.

"ही पोरगी आली. म्हणली, आजी, तुमचे मालक कसे होते, सांगा. मी आपली बसले आठवत. वाईट न्हवता गं त्रिंबक. दारू न्हाय, मारझोड न्हाय. नळावर डोकं धुवून आत यायचा, जेवायचा, भिंतीकडं तोंड करून झोपायचा. मला कदी नावानं हाक मारली न्हाय की कदी रागावला न्हाय. आता ह्याचं काय सांगू पोरीला? ती पेन घेऊन बसलेली. घरात काय काय व्हायचं, सांगा म्हणली. तर माज्या तोंडात तुज्याच घरातलं आलं. घर म्हणलं की मला तेच आठवलं. मी तेच ऐकत व्हते की रोज, त्या भोकातनं."

"आन चिंध्या कोंबायचीस ती?"

"ऐकवत न्हवतं म्हणून."

"मला वाटलं सुकटीचा वास."

"सुकट मला आवडती," नागूमावशी म्हणाली. "तुमचं हसू ऐकवत न्हवतं. पहाटच्याला काय हसायचीस तू, सरदारबी! मी हिकडं पीठ मळत असायची आन वाटायचं, भिंत पाडावी."

खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं की हे ऐकून अम्मांचं मन विरघळेल. तसं काही झालं नाही. उलट त्यांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं ज्या बाईवर जळत आलो ती आपल्यावर त्याहून जास्त जळत होती, हे कळल्यावर कुणाचा चेहरा उजळणार नाही? पण ते सुख टिकलं नाही. लगेच दुसरा विचार आला असावा, कारण त्या ताठ झाल्या.

"जळलीस ते जळलीस," त्या म्हणाल्या. "पन माजा माणूस माजा हाय. मी आता आत जाऊन समद्यांम्होरं सांगती."

"सांग," नागूमावशी म्हणाली. "मी आडवत न्हाय. मलाबी लई जड झालंय."

अम्मा निघाल्या. मी त्यांच्या मागे, नागूमावशी माझ्या मागे. खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. पुण्याच्या बाईसमोर, ऋतुजासमोर, सगळ्यांसमोर कळू दे, की ती पहिली बशी आमच्या घरची होती. सासू माझी, सासरे माझे, ती गोष्ट आमची. माझाही जळफळाट काही कमी नव्हता.

आत भाकरी वाढून झाली होती. धडधड बंद केली होती. चुलीपुढच्या रिकाम्या पाटाशेजारी नवनाथ बसला होता आणि ती उशी त्याच्या मांडीवर होती. कुणीतरी त्याला काही विचारलं असावं, कारण एरवी तिकीट फाडण्यापलीकडे न बोलणारा तो माणूस बोलत होता.

"...मला उचलून घेतल्याचं आठवत न्हाई. शाळेत घातलं, वह्या घेतल्या, समदं केलं. पण बोलणं न्हाई. मला आपलं वाटायचं, आपण आवडत न्हाई बाबाला. बाबा गेला तरी तेच डोक्यात. हे घर झालं तवा आईनं पहिल्यांदा सांगितलं. चहाचं, हे उशीचं." त्यानं उशीवर तळहात फिरवला. "म्हणजे असा होता तो. मला दिसलं न्हाई, पण होता."

ऋतुजानं आम्हाला दारात पाहिलं आणि तिला काय सुचलं कोण जाणे, ती उत्साहानं म्हणाली, "या आजी शेजारच्याच खोलीत राहायच्या! आजी, तुम्ही तर हे सगळं प्रत्यक्ष पाहिलं असेल ना? सांगा ना, कसे होते त्रिंबकआजोबा?"

सगळ्यांच्या माना वळल्या. नवनाथनंही मान वर केली. नागूमावशी भिंतीला हात लावून उभी होती, बुजवलेल्या कोनाड्याच्या अगदी जवळ.

अम्मांनी नवनाथकडे पाहिलं. त्याच्या मांडीवरच्या हिरव्या चौकड्यांकडे पाहिलं. कानातल्या बाळ्या थरथरत होत्या. मला वाटलं, आता बोलतील. मला वाटलं, आता रडतील. शाकीर त्यांना धरायला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानं मागे सारलं.

"लई गुणाचा व्हता," अम्मा म्हणाल्या. "मी पलीकडनं ऐकत व्हते की. रोज."

नवनाथनं डोळे पुसले. पुण्याच्या बाईनंही. ऋतुजानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग तिला ते बरं वाटलं नसावं, तिनं हात खाली घेतले.

पण अम्मांचं झालं नव्हतं. त्या वळल्या, नागूमावशीच्या अगदी तोंडाजवळ गेल्या आणि दात आवळून बोलल्या. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं.

"फुकर मारायचा की आधी. बशीत. ते सांगत न्हाईस तू. बाईचं तोंड पोळंल म्हणून फुकर मारायचा. अर्धं कशाला न्हेतीस? न्हेलास तर समदा ने."

नागूमावशीनं मान हलवली. पुढचे पाहुणे बाहेर थांबले होते. ती जाऊन पाटावर बसली आणि परात पुढे ओढली.

आम्ही चपला घातल्या. या वेळी अम्मांनी ऋतुजाला जवळ बोलावलं आणि मांडणीमागचा कोनाडा दाखवून सांगितलं, हितं भोक व्हतं, ते उघडून द्या. ऋतुजा म्हणाली, विचारून सांगते आजी, पण कशासाठी? अम्मा तोवर रिक्षाकडे निघाल्या होत्या.

रिक्षात बसल्यावर शाकीर गाडी चालू करेना. हँडल धरून नुसता बसून राहिला. त्याचेही ते अब्बाच होते. "अम्मा," तो शेवटी म्हणाला, "दे डाले तुम अब्बा को?"

"चला," अम्मा म्हणाल्या.

रिक्षा सात रस्ता चौकापर्यंत आली. अम्मा बाहेर बघत होत्या. त्यांनी बाळ्या काढून रुमालात बांधल्या, रुमाल कमरेला खोचला, पुन्हा काढून गाठ तपासली, पुन्हा खोचला. मला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटत होता, पण त्या बाईला असल्या वेळी हात लावायची माझी छाती होत नाही.

मग एकाएकी त्या बोलल्या. दखनीत नाही, मराठीत.

"फुडच्या ऐतवारी मला परत आनून सोडायचं. त्याच्या फुडच्या बी."

"कशाला अम्मा?" मी विचारलं. "एवढा त्रास झाला तुम्हाला. आता कशाला तिथे जायचं?"

अम्मांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही काडीची अक्कल आली नाही.

"माजा माणूस ठिवून आले मी तितं, तिच्या खोलीत," त्या म्हणाल्या. "बाईवर लक्ष नको का ठिवाया?"